पांच पाखरांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलों असतां, उपासना आटोपल्यावर एका वृद्ध वडिलांनीं आम्हांस दाराशीं थांबवून एक प्रश्न विचारला. त्यांच्या नातवानें प्राणिशास्त्राची पदवी घेतली असून तो वनखात्याच्या परीक्षेस बसणार आहे. नष्ट होत चाललेल्या पशुपक्ष्यांची मोजदाद करावी, त्यांचीं घरटीं राखावीं, अशा कामाची त्यास आवड आहे. वडील म्हणाले, "साहेब, आमच्या शाळेंत दोन वर्षें गणिताचा मास्तर नाहीं, आणि सरकार पाखरें मोजणाऱ्यास पगार देतें. पोरगा हुशार आहे. त्यानें माणसांच्या कामीं पडावें कीं पाखरांच्या? देवाला यांतलें कोणतें आवडेल?"

प्रश्न सरळ होता, आणि आमच्याजवळ सरळ उत्तर नव्हतें. विचार करून सांगतों, असें म्हणून आम्ही निघालों. तो विचार येथें मांडीत आहों. कारण असले नातू आतां पुष्कळ घरांत आहेत.

असा प्रश्न हवेंत सोडवितां येत नाहीं. एखादें घडलेलें उदाहरण समोर ठेवावें लागतें. आम्ही न्यूझीलंड देशांतील एक घेतों. तेथें ही गोष्ट इतक्या थोड्या पाखरांवर येऊन ठेपली होती कीं एकेका पाखराची खूण लोकांस ठाऊक होती.

न्यूझीलंडच्या पूर्वेस सुमारें 800 किलोमीटरांवर चॅटम नांवाचीं वाऱ्यानें झोडपलेलीं बेटें आहेत. तेथें काळा रॉबिन नांवाचा पक्षी राहतो. आकारानें आपल्या चिमणीएवढा, सर्वांगानें काळा, स्वभावानें निर्भय. माणसांच्या जहाजांबरोबर मांजरें आणि उंदीर त्या बेटांवर उतरले, झाडी तुटली, आणि ज्या पाखरांनीं असले शत्रु पूर्वीं कधीं पाहिले नव्हते तीं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नाहींशीं होत गेलीं. शेवटीं काळा रॉबिन धाकटें मांगेरे नांवाच्या एका खडकाळ बेटाच्या माथ्यावर तेवढा उरला. तेथील झाडीही खालावत चालली. 1976 सालीं मोजणी झाली तेव्हां सात पक्षी होते. त्यांत माद्या दोन.

त्या काळीं न्यूझीलंड सरकारचें वन्यजीव खातें होतें (1987 सालीं तें दुसऱ्या खात्यांत मिळून गेलें), आणि त्या खात्यांत डॉन मर्टन या नांवाचे एक गृहस्थ नोकरीस होते. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं 1976 व 1977 सालांत ते सातही पक्षी धरले, पेट्यांत घालून उभ्या कड्यावरून खालीं उतरविले आणि शेजारच्या थोरल्या मांगेरे बेटावर नेऊन सोडले. त्या बेटावर पूर्वीं मेंढ्या चरत असत. त्या काढून तेथें 1,20,000 झाडें लावण्यांत आलीं. इतकें करूनही 1980 सालीं पांचच पक्षी उरले. आणि जिचा वंश पुढें चालेल अशी मादी त्यांत एकच. तिच्या पायांत निळें कडें होतें म्हणून तिला ओल्ड ब्लू, म्हणजे आपल्या भाषेंत निळी म्हातारी, असें म्हणत. तिच्या नराच्या पायांत पिवळें कडें होतें. आज त्या जातीचे अडीचशें ते तीनशें पक्षी जिवंत आहेत, आणि ते सर्व त्या एका जोडप्याचे वंशज आहेत.

आतां वडिलांच्या प्रश्नाकडे वळूं. पाखरांचा कैवार घेणारे पुष्कळदां सांगतात कीं पक्षी किडे खातात, बीं पसरवितात, शेतकऱ्याच्या उपयोगीं पडतात, म्हणून ते राखावे. हें पुष्कळ पक्ष्यांविषयीं खरें आहे. पण काळा रॉबिन नाहींसा झाला असता तर कोणाचें एक कणीस कमी झालें नसतें, कोणाच्या दुधांत थेंबाची तूट आली नसती. त्याच्याच देशांतील बहुतेकांनीं त्यास कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. तेव्हां त्याला उपयोगाच्या तराजूंत घालूं नये हें बरें. तेथें तो हलका ठरेल, आणि जो त्याच्या बाजूनें पारडें दाबील तो खोट्या वजनाचा धनी होईल. खोट्या तराजूविषयीं नीतिसूत्रांत काय सांगितलें आहे तें आपण जाणतां.

मग राखावा कां? आम्हांस असें वाटतें कीं, हा पक्षी कशाच्या कामाचा, असें विचारण्यापूर्वीं तो कोणाचा, हें विचारलें पाहिजे. समजा, एका धन्यानें परगांवीं जातांना आपला वाडा कारभाऱ्याच्या स्वाधीन केला. वाड्याच्या एका कोनाड्यांत एक लहानसें भांडें आहे. कारभाऱ्यास त्याचा उपयोग कळत नाहीं. त्यानें तें फोडून टाकावें काय? धनी आल्यावर, मला त्याचा उपयोग दिसला नाहीं, हें उत्तर चालेल काय? आणि येथें तर भांडें आपोआप फुटत नव्हतें. आपण मांजरें आणिलीं, आपण झाडें तोडलीं, आणि मग म्हणतों कीं तें फुटलें.

लूकाच्या बाराव्या अध्यायांतील पांच चिमण्यांची गोष्ट वाचकांस आठवत असेलच. मत्तयाच्या दहाव्या अध्यायांत एका नाण्यास दोन चिमण्या विकल्या जातात. लूकांत दोन नाण्यांस पांच. म्हणजे दोन नाण्यांच्या चार, आणि पांचवी फुकट. बाजारांत भाजीवाली जशी कोथिंबिरीच्या दोन काड्या वर घालते, तशी ती पांचवी वर घातलेली. तिची किंमत कांहींच नाहीं. आणि प्रभु सांगतो कीं तीही देवाच्या विस्मरणांत नाहीं. चॅटम बेटांवरील हिशेबही पांचावरच येऊन थांबला होता. मात्र या वचनाचा कोणी गैरवापर करूं नये. प्रभूनें हें भ्यालेल्या माणसांना धीर देण्याकरितां सांगितलें, आणि तुमचें मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे असेंही तेथेंच सांगितलें. पाखरूं माणसाच्या वर बसविण्यास तेथें आधार नाहीं. आधार आहे तो एवढाच, कीं जें आपल्या हिशेबीं शून्य तें देवाच्या हिशेबीं शून्य नसतें.

शाळेंत मास्तर नाहीं हा अन्यायच आहे. पण मास्तराची खुर्ची पाखरानें अडविलेली नाहीं. सरकारच्या पदरीं नाना तऱ्हेचे नोकर असतात. जमीन मोजणारा आहे, पाऊस मोजणारा आहे, टपाल वाहणारा आहे. यांतील प्रत्येकास बोलावून, तुझा पगार भुकेल्याच्या तोंडचा घांस आहे, असें आपण म्हणत नाहीं. पाखरें मोजणाऱ्यासच तेवढें म्हणतों, कारण त्याचें काम आपल्या डोळ्यांस खेळ वाटतें.

एवढें लिहूनही आमचें मन पुरतें निवत नाहीं. सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक पक्ष्याकरितां 1979 सालीं अभयारण्य जाहीर झालें, तें 8,496 चौरस किलोमीटरांचें होतें. त्यांत तालुक्यांचे तालुके गेले. माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा या भागांतील आमच्या कित्येक वाचकांस जमिनीच्या खरेदीविक्रीच्या अडचणी त्यामुळें सोसाव्या लागल्या, आणि पुष्कळ वर्षांनीं तें क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. माळढोक मात्र तेथें आतां क्वचितच दिसतो. चॅटम बेटांवरील पाखराचा खर्च सर्व देशानें उचलला. येथें त्याचा मोठा वांटा कोरडवाहू शेतकऱ्याच्या शिरावर पडला. जो नातू या नोकरींत शिरेल त्यानें पक्ष्याबरोबर हेंही मोजावें, कीं या रक्षणाचें ओझें कोणाच्या पाठीवर ठेविलें जात आहे. देवाची वस्तु राखावयाची आणि दाम गरिबाकडून घ्यावयाचा, हा कारभार धन्यास पसंत पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा प्रश्न वडिलांनीं विचारला नव्हता, पण आम्हांस तो पहिल्याहून अवघड वाटतो. पांच पक्षी उरले असतां मर्टन यांनीं काय केलें? त्या एकुलत्या एक म्हातारीचीं अंडीं त्यांनीं घरट्यांतून काढून घेतलीं.

आपल्या बायकांस यांतील मर्म चटकन् कळेल. कोंबडीचीं अंडीं रोज उचललीं तर ती आणखी घालते. राहूं दिलीं तर खुडूक होऊन बसते. काळा रॉबिन एका हंगामांत बहुधा दोनच अंडीं घालतो. पण तीं गेलीं तर तो पुन्हां घरटें मांडतो. म्हणून पहिलीं अंडीं दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यांत ठेवावीं, म्हणजे एका आईचीं पिल्लें दुप्पट होतील, असा हा बेत. कावळीकडून आपलें पिल्लूं वाढवून घेण्याची कोकिळेची युक्ति माणसानें उसनी घेतली. प्रथम वटवट्यासारख्या एका लहानग्या पक्ष्याच्या घरट्यांत अंडीं ठेविलीं. त्यानें तीं उबविलीं. पण पिल्लें वाढूं लागल्यावर तो त्यांस पुरेसा चारा देऊं शकेना. मग रंगातिरा नांवाच्या दुसऱ्या बेटावर टॉमटिट नांवाचे पक्षी होते, त्यांच्याकडे अंडीं समुद्रावरून नेलीं. त्यांनीं पिल्लें नीट वाढविलीं. तेथें निराळेंच संकट उभें राहिलें. टॉमटिटाच्या घरीं वाढलेलें पिल्लूं टॉमटिटाचेंच गाणें गाऊं लागलें आणि जोडीदारही त्यांच्यांतच शोधूं लागलें. तेव्हां पिल्लें उडण्याजोगीं होण्यापूर्वीं पुन्हां आपल्या जातीच्या घरट्यांत आणून ठेवण्याची वहिवाट पाडावी लागली. (वसतिगृहांत मुलें ठेवणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनीं या वाक्यावर क्षणभर थांबावें.)

लाटांवर नाव हेलकावली असती आणि डबींतील अंडें फुटलें असतें, तर? देवाच्या एका निर्मितीचा शेवट करणारा माणूस म्हणून मर्टन यांचें नांव राहिलें असतें. स्वस्थ बसले असते तर त्यांस कोणी बोल लाविला नसता. पाखरें आपल्या मरणानें मेलीं असें लोक म्हणाले असते. सरकारी नोकरास ही वाट नेहमींच खुली असते, आणि तिच्यावर गर्दीही पुष्कळ असते.

पण स्वस्थ बसणें म्हणजे निर्दोष राहणें नव्हे, हें त्यांनीं पूर्वीं पाहिलें होतें. 1964 सालीं न्यूझीलंडच्या दक्षिण टोंकाजवळील बिग साउथ केप या बेटावर उंदीर शिरल्याची वार्ता आली. उंदरांनीं फारसें बिघडणार नाहीं, लगबगीनें हात घालूं नये, असें म्हणणारे जाणते लोक होते, आणि त्यांत वेळ गेला. मर्टन व त्यांचे सहकारी तेथें पोहोंचले तेव्हां सॅडलबॅक नांवाचे 36 पक्षी उचलून दुसऱ्या बेटांवर नेतां आले, आणि ती जात वांचली. त्याच बेटावर एका रेनची, एका पाणलाव्याची आणि एका वटवाघुळाची जात मात्र कायमची गेली. त्यांचा नाश कोणीही हातानें केला नव्हता.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत एक लहानसा नियम आहे. वाटेंत पाखराचें घरटें सांपडलें तर पिल्लें घ्यावयास हरकत नाहीं. पण आईस धरूं नये, तिला सोडून द्यावें. उपदेशक मंडळी हा नियम बहुधा ओलांडून पुढें जातात, आणि आम्हीही तसेंच करीत आलों. ओल्ड ब्लूची हकीकत वाचल्यावर आम्हांस तो पुन्हां उघडून पाहावासा वाटला. मोशेच्या मनांत उबविण्याच्या युक्त्या होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मूळ राखून फळाला हात लावावा ही मर्यादा तेथें आहे, आणि मर्टन यांचें सर्व धाडस त्या मर्यादेच्या आंत होतें. आपल्याकडेही 2019 सालापासून जैसलमेरकडे माळढोकाचीं अंडीं माळावरून उचलून यंत्रांत उबविण्यांत येत आहेत. माळढोक बहुधा एकच अंडें घालतो. तें एक उचलणाऱ्याचा हात कसा कांपत असेल याची कल्पना ज्यास करतां येईल त्यानेंच त्यास दोष द्यावा. आणि बहुतकरून तो देणार नाहीं.

उंदीर व मांजरें मारल्याशिवाय असलीं बेटें निर्वेध होत नाहींत, ही गोष्टही लपवूं नये. उंदीरही देवानेंच केला. त्याला नावेंत घालून नेणारा माणूस, आणि शिक्षा उंदरास. यावर आमच्यापाशीं स्वच्छ उत्तर नाहीं. आम्ही एवढेंच म्हणूं कीं हें काम करणाऱ्यानें तें हंसत करूं नये.

आतां या हकीकतींतील तो भाग, ज्यानें आम्हांस पुष्कळ रात्री जागविलें. पक्षी वाढूं लागले तेव्हां राखणदारांच्या असें दृष्टीस पडलें कीं कांहीं माद्या अंडें घरट्याच्या मध्यभागीं न घालतां कांठावर घालितात. कांठावरचें अंडें आई उबवीत नाहीं. तें थंड पडतें. पक्षी थोडे, एकेक अंडें मोलाचें. राखणदारांनीं तें बोटानें हळूच आंत सारावें. 1984 पासून 1989 पर्यंत हा क्रम चालला. यापेक्षां निरुपद्रवी दया कोणती असेल?

परंतु ही खोड आईकडून लेकीस जाणारी होती. रानांत जें अंडें वांयां जाऊन ती खोड तेथेंच संपली असती, तें माणसाच्या बोटानें वांचलें. त्यांतून निघालेल्या मादीनेंही कांठावरच घातलें. तिचेंही माणसानें सारलें. 1989 पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या असें करूं लागल्या होत्या. आणखी कांहीं वर्षें तसेंच चालतें तर ती सर्व जात माणसाच्या बोटावांचून जगूं न शकणारी झाली असती. तेव्हां राखणदारांनीं हात आंवरला. पक्षी तोंपर्यंत शंभरावर गेले होते. त्यानंतर ती खोड आपोआप कमी होत गेली, आणि 2011 पर्यंत शेंकडा 9 माद्यांवर आली. 2013 सालीं हा सर्व हिशेब शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला.

येथें चूक कोणाची? आम्ही पुष्कळ विचार केला, आणि एकही अंडें असें दाखवितां येत नाहीं कीं जें सारणें चुकीचें होतें असें त्या दिवशीं म्हणतां आलें असतें. प्रत्येक कृत्य दयेचें. बेरीज मात्र अपायाची. शिवाय, जें थोड्या पक्ष्यांच्या वेळीं कर्तव्य होतें तेंच शंभरांच्या वेळीं अपराध झालें असतें. कृत्य तेंच, बोट तेंच, घरटेंही तसेंच. आज्ञा पाळली म्हणजे काम संपलें असें समजणाऱ्या आमच्यासारख्यांस हें जड जातें.

हें वाचून कोणी म्हणेल, हेंच तर आम्ही सांगत होतों! आमच्या ओळखीच्या एका मंडळींत विधवांच्या निधीविषयीं वाद झाला, तेव्हां एका सुखवस्तु सभासदानें असाच मुद्दा मांडिला होता, कीं मदत केल्यानें माणसें पंगु होतात, म्हणून हात आंखडता घ्यावा. त्या सभेंत आम्ही बसलों होतों, आणि उत्तर न सुचल्यामुळें गप्प राहिलों. निधि अर्ध्यावर आला. ती गोष्ट आमच्या मनांत अजून सलते, म्हणून आज उशिरानें उत्तर देतों. भुकेली विधवा म्हणजे कांठावरचें अंडें नव्हे. दारिद्र्य ही आईकडून लेकीस रक्तांतून मिळालेली खोड नाहीं; ती बहुधा शेजाऱ्यानें लादलेली असते. आणि राखणदारांनीं हात आंवरला तो पक्षी शंभरावर गेल्यावर. आपल्या मंडळींत पांच विधवा उपाशी असतां शंभरांचा नियम लावणारा माणूस शास्त्राचा आधार घेत नाहीं, तो आपली थैली राखतो.

आणखी एक गोष्ट त्या सभासदानें पाहिली नसती. राखणदारांस आपल्या दयेचा अपाय कळला, कारण त्यांनीं वही ठेविली होती. कोणतें घरटें, कोणत्या रंगाच्या कड्याची मादी, अंडें आंत कीं कांठावर, पिल्लूं उडालें कीं मेलें, हें सर्व थंडींत, पावसांत, वर्षानुवर्षें लिहिलेलें होतें. त्या विधवांपैकीं कोणाकडे चूल किती दिवस पेटते, हें त्या सभेंत एकासही सांगतां आलें नसतें, आम्हांसही नाहीं.

ओल्ड ब्लू तेरा वर्षांहून अधिक जगली. काळ्या रॉबिनच्या मानानें हें फार मोठें आयुष्य. मर्टन 2011 सालीं वारले.

गेल्या महिन्यांत पुन्हां त्या खेड्यास जाण्याचा योग आला. वडील ओट्यावर बसले होते. नातू परीक्षा देऊन आला होता. निकाल लागावयाचा होता. आम्हीं वर लिहिलेली सर्व हकीकत त्या दोघांस सांगितली. माळढोकाच्या जमिनींचा भाग निघाला तेव्हां वडिलांनीं नातवाकडे पाहिलें, आणि तो खालीं पाहूं लागला. पुष्कळ वेळानें वडिलांनीं विचारलें, "मग हात आंवरल्यावर तें कांठावरचें अंडें दिसलें, तर तो माणूस काय करी?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीं नातूच म्हणाला, "वहींत लिही, आजोबा, आणि पुढच्या घरट्याकडे जाई."

वडील कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं आंत हांक मारून चहा सांगितला, आणि नातवास म्हणाले, "त्या वह्या कशा असतात, मला एकदां दाखीव."